तळ्याला विटाळ कशाचा?



मागच्या आषाढातली गोष्ट. पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि आमच्या गावात घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही पाणी तपासायची छोटी बाटली आणली. वरच्या आळीच्या विहिरीचे पाणी खुणेपर्यंत भरले, झाकण घट्ट लावले आणि बाटली फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाणी काळेठिक्कर. काळे झाले म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत, असे आम्हाला शिबिरात शिकवले होते.

ही विहीर म्हणजे गावाचा अभिमान. आमच्या सासवा आणि त्यांच्या सासवा तिच्या पाण्याला गोड म्हणत आल्या. त्या पाण्यात डाळ लवकर शिजते, म्हणून लांबून बाया हंडा घेऊन येतात. बाटली हातोहात फिरली आणि सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "वस्तीवरच्या बाया हल्ली इथं पाणी भरतात ना, तेव्हापासूनच हे सुरू झालंय." दोघीतिघींनी मान हलवली. वस्तीवरच्या चौघी तिथेच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांतली एक उठली आणि काही न बोलता निघून गेली.

आम्ही समन्वयक म्हणून समोर बसलो होतो आणि आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही. बी. ए. ला आम्ही इतिहास घेतला होता. लढाया आणि सनावळ्या पाठ केल्या, पण पाण्याचा इतिहास कधी वाचला नव्हता. त्या दिवसानंतर वाचला. पाणी बिघडते ते नेमके कशाने, हे माणसाला कसे कळत गेले, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात आपल्याच घरातून करू. म्हाताऱ्या माणसांच्या शिव्याशापात 'पटकी' हा शब्द अजून ऐकू येतो. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा आणि रात्रीपर्यंत संपायचा. अंगातले पाणी आणि मीठ इतक्या वेगाने निघून जाई की डोळे खोल जात, बोटांना सुरकुत्या पडत. गावात पटकी शिरली की मरीआईचा कोप झाला म्हणत. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. पंढरीच्या वारीत पटकी पसरली की परतणाऱ्या माणसांबरोबर ती गावोगाव पोहोचायची. पुढे यात्रेकरूंना कॉलऱ्याची सुई टोचू लागले. ती दंडावर किती दुखायची, हे सांगणाऱ्या आज्या आजही भेटतील.

आपली माणसे अडाणी होती म्हणून असे समजत होती, असे कोणी म्हणेल. पण तेव्हा विलायतेतले शिकलेले डॉक्टरही म्हणत होते की कॉलरा घाणेरड्या वासाच्या हवेतून होतो. पाण्यावर कोणाचाच संशय नव्हता. पाणी तर स्वच्छ दिसत होते.

तो संशय घेतला जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने. लंडन शहरातली सगळी गटारे तेव्हा टेम्स नदीत जात आणि त्याच नदीचे पाणी कंपन्या नळाने घरोघर देत. त्यातल्या एका कंपनीने १८५२ साली आपली पाणी उचलायची जागा शहराच्या वर, जिथे घाण पोहोचत नव्हती तिथे नेली. दुसरी कंपनी शहरातल्या घाणीच्या पट्ट्यातूनच पाणी उचलत राहिली. एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत दोन कंपन्यांचे नळ होते. १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा स्नो दारोदार फिरला. तुमच्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे, घरात कोणी दगावले का, एवढेच तो विचारायचा. घाणीतून पाणी उचलणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ माणसे गेली होती. वरून पाणी आणणाऱ्या कंपनीच्या १०,००० घरांमागे ३७. हवा एक, गल्ली एक. फरक फक्त पाण्याचा होता.

त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर थोड्याच दिवसांत ६०० हून जास्त माणसे मेली. तिथल्या हातपंपाचे पाणी चवीला छान म्हणून प्रसिद्ध होते. तो भाग सोडून लांब राहायला गेलेली एक विधवा बाई केवळ चवीसाठी तेच पाणी मागवून घ्यायची. तीही कॉलऱ्याने गेली. स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ ला त्या पंपाचा दांडा काढून टाकला.

पण त्या विहिरीत कॉलरा आला कुठून? हे शोधले हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याने. पंपाजवळच्या घरात एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. आईने बाळाची दुपटी धुतली आणि ते पाणी घराखालच्या मैलाखड्ड्यात ओतले. खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या आणि विहीर काही फुटांवरच होती. बाळ गेले. त्या आईने आपल्यासारखेच केले होते. लेकराचे कपडे धुतले आणि पाणी ओतून दिले. खड्डा झिरपत होता, हे तिला कसे कळणार?

मैत्रिणींनो, खड्डा आणि विहीर एवढे लक्षात ठेवा. पुढे आम्हाला ते फार जवळून भेटणार आहे.

पाण्यातून रोग येतो हे कळले, पण पाण्यात नेमके काय असते ते अजून डोळ्यांना दिसायचे होते. इटलीतल्या फिलिप्पो पाचिनी या डॉक्टरने १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू पाहिला होता, पण त्याचे कोणी ऐकले नाही. तीस वर्षांनी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कॉलऱ्याचा माग काढत आधी इजिप्तला आणि मग १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्याला आला. स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला एक जंतू त्याला रोग्यांच्या आतड्यांत दिसत होता.

बंगालात दर वस्तीला एक तळे असते, त्याला तिकडे पुकूर म्हणतात. पिणे, अंघोळ, भांडी, धुणे, सगळे त्याच पाण्यावर. अशाच एका तळ्याकाठच्या झोपड्यांत एकापाठोपाठ माणसे दगावू लागली. कॉखने तळ्याचे पाणी आणून पाहिले आणि तोच वाकडा जंतू त्याला पाण्यातही सापडला. चौकशीत कळले की पहिल्या दगावलेल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले होते. साथ ओसरत गेली तसे पाण्यातले जंतूही कमी होत गेले. ही १८८४ सालची गोष्ट आहे. माणसाच्या आतड्यातले जंतू विष्ठेवाटे पाण्यात जातात आणि पाण्यावाटे पुन्हा माणसाच्या पोटात, हे त्या वर्षी एका भारतीय तळ्याच्या काठी सिद्ध झाले. मग जंतू मारण्यासाठी पाणी उकळणे आले, विहिरीत पावडर टाकणे आले.

आता इथून ४३ वर्षे पुढे आपल्या महाराष्ट्रात येऊ. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, महाडचे चवदार तळे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे कागदावर मान्यही केले. पण तळ्यावर जायची कोणाची टाप नव्हती. त्या तळ्यावर इतर धर्मांची माणसे पाणी भरत आणि गुरेढोरेही पाणी पीत. फक्त दलितांनी ओंजळ बुडवायची नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो लोकांसह रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात जमावाने लोकांना मारहाण केली. आणि मग तळे बाटले म्हणून ते 'शुद्ध' करण्यात आले. कशाने? १०८ घागरी, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही.

आम्ही हे शाळेत असताना वाचले होते, पण त्याचा अर्थ बाटली काळी झाल्यावर उमगला. आतड्यातून बाहेर पडलेल्या घाणीनेच पाणी बिघडते, हे शास्त्राने कलकत्त्यात दाखवून चार दशके उलटली होती. आणि महाडला माणसाचा हात लागला म्हणून पाण्यात शेण कालवले गेले. विटाळ कशाचा आणि शुद्धी कशाची, सगळेच उलटे! गुराच्या तोंडाने तळे बाटत नव्हते आणि माणसाच्या ओंजळीने बाटत होते.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने दलितांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. दोन घोट पाण्याच्या निकालाला दहा वर्षे लागली. बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितले होते की या पाण्यावाचून आमचे काही अडलेले नाही, आम्हीही माणसे आहोत हे दाखवायला आम्ही तळ्यावर जात आहोत.

बायांनो, विटाळ हा शब्द आपल्याला तर फार जवळचा. महिन्याचे चार दिवस रांजणाला हात लावायचा नाही, असे अजून किती घरांत सांगतात. आणि बाकीचे सव्वीस दिवस त्याच हातांनी डोक्यावरून पाणी आणायचे! आम्ही कितीही शिकलो तरी तो शब्द मनाच्या तळाशी गाळासारखा बसलेला असतो. बैठकीत बाटली हलली आणि तो वर आला.

यानंतरची गोष्ट बांगलादेशातल्या मतलब या भागाची. तिथेही तळी, नद्या आणि कॉलरा. रीटा कोलवेल ही अमेरिकन शास्त्रज्ञ आणि तिचे बांगलादेशी सहकारी अन्वर हक यांना असे दिसले होते की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात. म्हणजे किडे गाळले तर जंतूही बरेचसे गाळले जातील. पण गरिबाच्या घरात गाळणी कुठली? तिथल्या बाया सरबत गाळायला साडीचे जुने कापड वापरत होत्या. तेच घेतले. जुनी सुती साडी दुमडून तिचे अनेक पदर केले आणि घागरीच्या तोंडावर ठेवले. जुनीच साडी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे विसविशीत होतात आणि छिद्रे बारीक होतात.

६५ गावांत हा प्रयोग झाला. २००३ साली निष्कर्ष छापून आला, साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्के कमी झाला होता. काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा शिकवलेल्या बायांपैकी ३१ टक्के पाणी गाळतच होत्या. ज्यांना कोणी शिकवले नव्हते अशा काही बायांनीही शेजारणींचे पाहून गाळायला सुरुवात केली होती.

आपल्याकडेही गाळण्याची ताकद लोकांनी पाहिली आहे. नारू आठवतो ना? पायातून दोऱ्यासारखी अळी निघायची. नारू हा जंतू नव्हे, कृमी आहे, पण तोही पाण्यातल्या अशाच बारीक किड्यांतून पोटात जायचा. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी कापडाने गाळले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. महाराष्ट्रातही नारू होता. आज आपल्या मुलांना तो शब्दही माहीत नाही.

पण साडीची गोष्ट ऐकून कोणी फसू नका. कापडाने किडे आणि त्यांना चिकटलेले जंतू अडतात. पाण्यात सुटे फिरणारे जंतू कापडातून आरपार जातात. टायफॉईड, हगवण आणि कावीळ गाळल्याने थांबत नाहीत. गाळून झाल्यावर पाणी चांगले खळखळून उकळायचे किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचे. गाळलेले कापड दर वेळी धुऊन उन्हात वाळवायचे. कॉलरा इतिहासात जमा झाला, असेही समजू नका. २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे गेली.

आता परत आमच्या बाटलीकडे. ही तपासणी आपल्याच देशातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली जगापुढे मांडली. प्रयोगशाळा नको, वीज नको. आम्ही पुढच्या बैठकीत ठरवले की बोट दाखवायचे तर बाटलीने दाखवावे. वरच्या आळीची विहीर, वस्तीवरचा हातपंप, शाळेचा नळ आणि काही घरांतले रांजण, सगळ्यांचे पाणी भरले. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावली. रात्रभर फळीवर ठेवल्या. सकाळी सगळ्यांसमोर पाहिले. वस्तीवरच्या हातपंपाचे पाणी जसेच्या तसे होते. वरच्या विहिरीची बाटली पुन्हा काळी.

मग विहिरीभोवती दोरी घेऊन फिरलो. चढावर एक शौचालय आहे. त्याचा खड्डा विहिरीपासून मोजला तर जेमतेम वीस फूट. निदान पन्नास फूट अंतर हवे आणि मुरमाड, भेगाळ जमिनीत त्याहून जास्त, हे आम्हाला शिकवलेले होते. उन्हाळ्यात निभावत होते, पावसात खड्डा भरला की झिरपा सरळ विहिरीत. ते घर आमच्याच गटातले. शौचालय बांधा म्हणून मागे लागलो ते आम्ही आणि कामाचा नारळ फोडला तोही आम्हीच. त्या दिवशी मापाची दोरी मात्र नेली नव्हती. बैठकीत आम्ही हे उभे राहून सांगितले आणि वस्तीवरच्या मैत्रिणींची माफी मागितली. उठून गेलेली ताई त्या दिवशी आली नव्हती. दोघी जणी तिच्या घरी गेलो.

विहिरीचे पिण्याचे पाणी बंद ठेवले. जलसुरक्षकाकडून टीसीएल पावडर टाकून घेतली आणि ओटी टेस्ट आमच्या डोळ्यांसमोर करायला लावली. ते तीन आठवडे वरच्या आळीने वस्तीवरच्या हातपंपाचे पाणी भरले. पहिल्या दिवशी दोघीच गेल्या, पदराआड हंडा घेऊन. वस्तीवरच्या बायांनी त्यांना नंबर लावून दिला. आठवड्याभरात दहा-बारा हंडे रांगेत दिसू लागले. सगळ्यांची मने बदलली असे आम्ही म्हणणार नाही. एका घरी ते पाणी स्वयंपाकाला चालले, देवघरात चालले नाही.

खड्डा हलवायला त्या घराला गटातून अंतर्गत कर्ज दिले, काम झाले. विहिरीला कठडा आणि भोवती सांडपाण्याची नाली ही मागणी ग्रामसभेत लिहून दिली आहे. ती अजून कागदावरच आहे.

तुमच्या गावातही हे करता येईल. पहिल्या पावसानंतर आणि दर दोन महिन्यांनी बाटली लावा. ती तपासणी संच असलेल्या ग्रामपंचायतीकडे किंवा गावातल्या प्रशिक्षित महिलांकडे मागा. पाणवठ्याला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, ते ग्रामसभेत विचारा. खड्डा, उकिरडा आणि गोठा पाणवठ्यापासून किती फुटांवर आहे, ते दोरीने मोजा. आजारी माणसाचे आणि लेकरांचे कपडे नदी-तळ्यावर नेऊ नका, घरी धुवा आणि ते पाणी पाणवठ्यापासून लांब ओता. जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा आणि आशाताईंना बोलवा. चमचा चहाचाच घ्या.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले की अमकीच्या हाताने पाणी बाटले, तर वाद घालू नका. एक बाटली भरा, चिठ्ठी लावा आणि उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा.

आमची नवी बाटली आज संध्याकाळी फळीवर ठेवणार आहोत. या वेळी ती भरायला उठून गेलेली ताईच येणार आहे.